विमान चालवत नव्हता, मग काय करत होता?

आमच्याकडे फौजेतून कोणी निवृत्त होऊन आला की वेशीपासून मिरवणूक निघते. उघडी जीप, हलगी, गुलाल, फेटा, आता तर डीजेसुद्धा. आमचे नाना, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, वीस वर्षं हवाई दलात काढून १९८४ च्या उन्हाळ्यात औसा तालुक्यातल्या आमच्या गावी परतले तेव्हा यातलं काही झालं नाही. लातूरहून एसटीने आले, फाट्यावर उतरले आणि काळी ट्रंक खांद्यावर घेऊन चालत घरी आले. संध्याकाळी पारावर पहिला प्रश्न झाला, "इमान चालवित होतास का रं?" नाना म्हणाले, "नाही." "मग काय करीत होतास एवढी वर्षं?"

नाना नुसते हसले. विचारणाऱ्याचीही चूक नव्हती. हवाई दल म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येतो तो हेल्मेट काखेत धरून उभा असलेला वैमानिक. शाळेच्या भिंतीवर तोच, भरतीच्या जाहिरातीत तोच. खरं तर या दलात उडणारे थोडे आणि जमिनीवर राबणारे फार, आणि हे पहिल्या दिवसापासून असंच आहे. १ एप्रिल १९३३ ला कराचीजवळ ड्रिग रोडला भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, उभी राहिली तेव्हा तिच्याकडे वापिटी जातीची चार विमानं होती, सहा अधिकारी होते आणि एकोणीस 'हवाई सिपाई'. त्या अधिकाऱ्यांतल्या सुब्रतो मुखर्जींच्या नावाचा फुटबॉल कप शाळकरी पोरांना ठाऊक असतो. सुरुवातीच्या हवाई सिपायांतले हरजिंदर सिंग, जे हातात पाना घेऊन भरती झाले आणि पुढे एअर व्हाइस मार्शल होऊन हवाई दलाचा अख्खा देखभाल विभाग सांभाळू लागले, ते मात्र कोणाला सांगून माहीत नसतात.

नाना आर्मामेंट फिटर होते, म्हणजे विमानाच्या तोफा आणि दारूगोळा सांभाळणारे. बेळगावजवळ सांब्र्याला कवायत, मग ट्रेडचं, म्हणजे नेमून दिलेल्या कामाचं, शिक्षण, मग स्क्वाड्रन. १९७१ च्या डिसेंबरात ते पठाणकोटला हंटर या लढाऊ विमानांवर होते. हंटरच्या पोटात ३० मिलिमीटरच्या चार तोफा असतात आणि त्या गोळ्यांच्या पेट्यांसकट एका चौकटीत बसवलेल्या असतात. विमान उतरलं की अख्खी चौकट खाली सोडायची, भरलेली दुसरी वर चढवायची, आणि काही मिनिटांत विमान पुन्हा उडायला मोकळं. हे नकाशावर सोपं दिसतं. पठाणकोटच्या डिसेंबरात, ब्लॅकआउटमध्ये, टॉर्चच्या काचेला निळा कागद लावून, उघड्या बोटांनी ते करायचं म्हणजे काय, हे नाना एकाच वाक्यात सांगायचे. "हातमोजे घातले तर पीन हाताला लागत नाही, काढले तर हात पिनेला चिकटतो."

यापलीकडे युद्धाविषयी ते फार बोलत नसत. बोलत ते एका फॉर्मविषयी. प्रत्येक विमानाची एक वही असते, तिला फॉर्म ७०० म्हणतात. एअरफ्रेमवाला, इंजिनवाला, इलेक्ट्रिकवाला, इन्स्ट्रुमेंटवाला, रेडिओवाला, आर्मामेंटवाला, ज्याने त्याने आपापलं काम तपासून त्यात सही करायची. सगळ्या सह्या झाल्या की शेवटी वैमानिक सही करतो आणि विमान ताब्यात घेतो. विमानाभोवती एक फेरी तो मारतो, चाकं, पंख, झाकणं बघतो. पण एकही पॅनल उघडून आत काय केलंय ते बघत नाही, बघू शकत नाही. तो सह्या वाचतो आणि वर बसतो. आमच्याकडची जुनी माणसं विमानाला 'इमान' म्हणतात आणि शहरातली त्यावर हसतात. मला त्या वहीपुढे हा उच्चार अगदी बरोबर वाटतो. पंचवीस वर्षांचा वैमानिक ताशी हजार किलोमीटरच्या वेगाने शत्रूवर जातो तो औशाच्या एका शेतकऱ्याच्या पोराच्या इमानावर. कारण त्या पोराने लिहून दिलेलं असतं की तोफा नीट भरल्या आहेत.

माझा मुद्दा या सहीभोवतीच फिरतो. ती करण्याच्या लायकीचा माणूस तयार व्हायला किती वर्षं लागतात, हा प्रश्न आपण सार्वजनिक चर्चेत कधी विचारतच नाही. कारण ते काम आपण युद्धात धरतच नाही. शौर्याची आपली व्याख्याच तशी आहे. परमवीर चक्राच्या नियमांत शत्रूच्या समोर दाखवलेलं शौर्य अशी अट आहे. व्याख्येत चूक काढायची नाही मला. पदकाला कुठे तरी रेघ मारावी लागते. पण त्या रेघेच्या अलीकडे काय उरतं ते एकदा बघा. हवाई दलाला आजवर एकच परमवीर चक्र मिळालं, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांना. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर पाकिस्तानची सहा सेबर विमानं चालून आली, धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना सेखोंनी आपलं नॅट जातीचं विमान वर उचललं आणि एकट्याने झुंज दिली. त्यांच्या थोरवीला कोणी हात लावू नये. पण ते नॅट त्या क्षणी तेल भरून, तोफा भरून तयार उभं होतं. कोणी तरी त्याच्या चाकांपुढचे चोक, म्हणजे अडकवणीचे ठोकळे, ओढून काढले, आणि बॉम्ब त्याच्यासाठी काही वेगळे पडत नव्हते. वैमानिक वर गेला. हा खालीच राहिला, त्याच धावपट्टीच्या कडेला.

जमिनीवरच्या कामाने युद्ध कसं फिरतं याचा पुरावाही त्याच पठाणकोटला आहे. ६ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी पाकिस्तानी सेबर आली तेव्हा आपली विमानं उघड्यावर उभी होती. दहाच्या आसपास जागच्या जागी जळाली. त्या धड्यानंतर तळांवर मातीच्या आणि काँक्रीटच्या भिंतींचे आडोसे बांधले गेले. विमानं पांगवून ठेवायची, झाकायची, ओढून आत न्यायची ही रोजची शिस्त झाली. ३ डिसेंबर १९७१ ला अंधार पडता पडता पाकिस्तानने पठाणकोट, अमृतसर, श्रीनगर, अंबाला, आग्रा, जोधपूर अशा तळांवर एकदम हल्ला चढवला. धावपट्ट्यांना खड्डे पडले, पण आडोशातली विमानं वाचली. खड्डे बुजवले गेले, आणि त्याच रात्री आपली विमानं सीमेपलीकडे गेली. त्या युद्धात भूजची धावपट्टी दुरुस्त करायला शेजारच्या माधापर गावच्या तीनेकशे बायका आल्या, त्यांची गोष्ट उशिरा का होईना देशाला कळली. कळली याचं कारण त्या बायका होत्या आणि गावच्या होत्या. वर्दीतल्या पुरुषाने तेच केलं तर ती ड्यूटी.

कानपूरची गोष्ट तर याहून भारी. दुसरं महायुद्ध संपल्यावर इंग्रजांनी लिबरेटर जातीची अवाढव्य बॉम्बफेकी विमानं तिथे भंगारात टाकली आणि जाता जाता ती कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून त्यांची मोडतोड करून ठेवली. बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी त्या ढिगाऱ्यातून एकाचा पंख, दुसऱ्याचं इंजिन असं जमवत चाळीसच्या आसपास विमानं उडती केली. १९४८ मध्ये स्वतंत्र भारताची जड बॉम्बरची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली ती या भंगारावर, आणि हे भंगार १९६८ पर्यंत उडत राहिलं. आपल्याकडे लोहार तुटलेल्या फाळाला पाणी देऊन नांगर पुन्हा चालता करतो, तीच विद्या. फक्त इथे चार इंजिनं.

मराठवाड्याने तर या बाबतीत जास्तच शहाणं असायला हवं. आमचा आणि लढाऊ विमानांचा संबंध फार जुना आहे आणि तो पैसे भरण्यापासून सुरू होतो. पहिल्या महायुद्धात निजामाने दिलेल्या पैशातून ब्रिटिशांच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला विमानं मिळाली. तिचं नाव हैदराबाद स्क्वाड्रन पडलं आणि विमानांवर निजामाची भेट असं लिहिलेलं असे. दुसऱ्या महायुद्धात १५२ क्रमांकाची स्क्वाड्रन हैदराबादच्या नावाने स्पिटफायर घेऊन लढली. तिच्या बोधचिन्हावर निजामाची पगडी होती. निजामाच्या तिजोरीत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादचा शेतसाराही जात होता. सारा भरणाऱ्या कुणब्याला आपण इंग्लंडच्या आकाशात लढतोय याचा पत्ताही नव्हता. पगडी निजामाची, शौर्य वैमानिकाचं. ज्याने दिलं त्याचा उल्लेख नसणं आम्हाला नवं नाही.

पण दुसराही एक अनुभव आमच्या गाठीशी आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात उमरखेड, बार्शी, सोलापूरच्या बाजूला सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले. रझाकारांवर प्रत्यक्ष गोळी झाडणारे तिथे थोडे होते. निरोप पोचवणारे, भाकऱ्या बांधून देणारे, हत्यारं लपवणारे, जखमींना पाठीवर आणणारे जास्त होते. पुढे सरकारने या कॅम्पांतल्या माणसांना स्वातंत्र्यसैनिक मानलं, त्यांना सन्मान निवृत्तिवेतन दिलं. म्हणजे लढाई फक्त बंदुकीच्या टोकाशी होत नसते हे आपण एकदा कागदावर मान्य केलेलं आहे. त्यात बोगस नावं घुसली, त्याचे वाद झाले, ते वेगळं. तत्त्व बरोबर होतं. तेच तत्त्व हवाई तळावर नेलं की आपली जीभ का अडखळते?

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो तिकडे येतो. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. त्याआधी हवाई दलात एअरमन म्हणून, म्हणजे अधिकाऱ्याखालच्या पदावर, लागलेल्या मुलाचा पहिला करारच वीस वर्षांचा असे. आता अग्निवीर वायू म्हणून चार वर्षं, आणि त्यांतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम. बाकीच्यांना जाताना एकरकमी सेवानिधीचे पैसे. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. यावर पेन्शन आणि बेरोजगारी या अंगाने भरपूर बोललं गेलं. लातूर, अंबाजोगाई, बीडच्या रस्त्यांवर पहाटे चारला पळणारी पोरं पाहिली की ते बोलणं आवश्यकच वाटतं. दोन एकर सोयाबीनच्या घरात पहिल्या वर्षी तीस हजारांचं पॅकेज, त्यातले एकवीस हजार हातात, ही लहान गोष्ट नाही. मी त्या पोरांना नाही म्हणा असं सांगणार नाही. छत्रपती संभाजीनगरला मुलांना अधिकारी होण्यासाठी तयार करणारी सरकारी संस्था १९७७ पासून आहे. एअरमन होऊ पाहणाऱ्याला मात्र तालुक्याच्या पत्र्याच्या शेडमधली अकॅडमी, आणि फी रोख. तरीही ती पळतात.

माझा प्रश्न त्या पोरांच्या बाजूने नाही, विमानाच्या बाजूने आहे. नाना सांगायचे, पहिली दोन वर्षं त्यांनी मोठ्यांच्या हातात पाना देण्यापलीकडे फारसं काही केलं नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी स्वतःचं काम स्वतः करायला मिळालं, तेही कोणी तरी पाठीशी उभं राहून बघत असताना. दुसऱ्याच्या कामावर सही करायची जबाबदारी आली तेव्हा त्यांना नोकरीत दहा वर्षं होत आली होती. चार वर्षांचा हिशोब याला लावून बघा. जो पोरगा सहीच्या जवळ येतो, त्याच्या हातात नारळ.

आमच्या भागात सालगडी असतो. पाडव्याला साल ठरतं, पुढच्या पाडव्याला फिटतं. कागदावर तो वर्षाचाच करार. पण ज्याला शेती कळते तो शेतकरी चांगला सालगडी वर्षावर सोडत नाही. दोन पैसे वाढवून देतो, उचल देतो, पोराच्या लग्नाला उभा राहतो. कारण कोणतं वावर कुठे चिबडतं, कोणता बैल उजवीकडे ओढतो, विहिरीची मोटार कोणत्या आवाजानंतर जळते, हे त्या गड्याच्या डोक्यात असतं, सातबाऱ्यावर नसतं. दरवर्षी गडी बदलणाऱ्याची शेती गावात सगळ्यांना ओळखू येते. आणि इथे तर प्रश्न तोफांचा, इजेक्शन सीटचा, इंधनाच्या नळ्यांचा आहे.

याला उत्तरं आहेत आणि ती फालतू नाहीत. पहिलं, नवी विमानं वेगळी आहेत. बिघडलेला भाग संगणक दाखवतो, तो डबा काढायचा आणि नवा बसवायचा. हे खरं आहे, पण आपल्या तळांवर नुसती नवी विमानं कुठे असतात? मिग-२१ हवाई दलात १९६३ ला आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला गेलं. बासष्ट वर्षं! ज्यांच्या बापाने ते विमान पुसलं होतं अशी पोरं त्यावर काम करून निवृत्त झाली. जुनं यंत्र चालतं ते पुस्तकापेक्षा हातावर. आणि अगदी नव्या सामानालाही ऐनवेळी असा हात लागतो: कारगिलच्या वेळी मिराज-२००० वर लेझरवर चालणारे बॉम्ब लावायचं काम घाईने पुरं करावं लागलं, तेव्हा कुठे २४ जून १९९९ ला टायगर हिलवर ते पडले.

दुसरं उत्तर, पंचवीस टक्के तर राहतातच, त्यांच्यातून अनुभवी फळी तयार होईल. होईल कदाचित. पण चारांतले तीन जाणार हे पहिल्या दिवशी माहीत असताना जुना सार्जंट कोणाला मन लावून शिकवेल? आणि शिकणारे चौघे एकमेकांना चुका सांगतील की लपवतील? या कामात चूक कबूल करणं हाच सगळा धर्म आहे. पाना सापडत नाही म्हटल्यावर विमान थांबवायचं, शोधायचं, नंतर शिव्या खायच्या. ज्याची कायम होण्याची स्पर्धा चालू आहे त्याला हे जड जाणार. माणूस वाईट म्हणून नव्हे, करार तसा आहे म्हणून.

तिसरं उत्तर पैशांचं, पेन्शनचा बोजा. तो खराच आहे, आणि त्यावर मला एवढंच सुचतं की सगळ्या ट्रेडना एकच माप लावू नये. जिथे तरणं शरीर हाच मुख्य गुण आहे तिथे चार वर्षं ठेवायची तर ठेवा. तांत्रिक ट्रेडना किमान दहा-बारा वर्षांचा पहिला करार द्या, बाहेर पडताना नागरी विमान दुरुस्तीत सरळ चालेल असा परवाना हातात द्या. नाना परतले तेव्हा वीस वर्षांचं कसब घेऊन आले आणि एका जिनिंगमध्ये इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली लागले, कारण त्यांच्याकडे आयटीआयचा कागद नव्हता. विमानाची सही चालली, जिनिंगच्या फ्यूजला चालली नाही.

एक गोष्ट राहिली, कानाची. लढाऊ विमानाच्या इंजिनाजवळ आवाज १३० डेसिबलच्या वर जातो. कारखान्यात आठ तासांसाठी ९० ही मर्यादा मानतात. नानांचा डावा कान चाळिशीतच गेला, उजवा साठीत. अर्ज केला तेव्हा एका कार्यालयाने ठरावीक वाक्य लिहून पाठवलं की हे दुखणं सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेने वाढलेलंही नाही. म्हणजे ते औशाच्या शांततेत झालं असावं. २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी जो आजार नोंदलेला नव्हता तो सेवेमुळेच झाला असं धरून चालायचं, उलट सिद्ध करायचं ते सरकारने. तोवर नानांनी तो कागद ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिला होता. मी पुन्हा अर्ज करू म्हणालो तर म्हणाले, "जाऊ दे. सही करणारा कोणी माझ्यासारखाच क्लार्क असंल."

मिग-२१ चा निरोप चंदीगडहून टीव्हीवर दाखवत होते तेव्हा मी गावीच होतो. नाना आता एकोणऐंशीचे. आवाज शून्यावर ठेवूनच बघतात, त्यांना फरक पडत नाही. पाहुणे, फुलं, कवायत झाली. मग विमान हललं, आणि तेवढ्यात कोपऱ्यात निळ्या ओव्हरऑलमधला एक पोरगा पंखाखालून वाकून बाहेर आला. उडण्याआधी विमानाच्या सुरक्षा-पिना काढतात, त्यांना लाल फिती असतात, आणि त्या वैमानिकाला हातात धरून दाखवायच्या असतात, सगळ्या निघाल्या म्हणून. नाना एकदम खाट सोडून टीव्हीपाशी गेले. "किती दावल्या? किती दावल्या रं त्यानं?" बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं. मलाही मोजायच्या होत्या. पण कॅमेरा तोवर आभाळाकडे वळला होता.